मागचे ब्रेक आधी का झिजले

एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. माझ्या मागच्या डाव्या चाकातल्या ब्रेकच्या लायनिंगची ही आजची जाडी आहे. आठ महिन्यांपूर्वी ते नवे बसवले तेव्हा पाच मिलिमीटर होते. आता ते इतके झिजले आहे, की त्याला धरून ठेवणारे तांब्याचे रिव्हेट उघडे पडले आहेत आणि त्यांनी चाकातल्या लोखंडी ड्रमच्या आतल्या बाजूला गोल चरे पाडले आहेत. नखाने चाचपले तर चरे मोजता येतात. नऊ आहेत. पुढच्या चाकांतली लायनिंग त्याच दिवशी, त्याच हातांनी बसवलेली. ती मात्र जवळजवळ कोरी आहेत.

मित्रांनो, हे उलटे आहे. धावता धावता तुम्ही अचानक थांबलात तर तुमचे अंग पुढे झुकते. आम्हा गाड्यांचेही तसेच होते. ब्रेक लागला की सगळा भार पुढे येतो, थांबवण्याचे जास्त काम पुढच्या चाकांना पडते, आणि म्हणून पुढचे ब्रेक आधी झिजतात. पंचावन्न वर्षांत माझे नेहमी तसेच झाले. या एकाच वेळी झाले नाही.

मी एक जुनी मोटारगाडी आहे. गोल दिवे, चार दारे, राखाडी रंग. माझा जन्म झाला तेव्हा कारखान्यात माणसेच पत्रे ठोकत, त्यामुळे माझे डावे दार उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर लांब आहे. पहिली चौदा वर्षे मी एका कंत्राटदाराकडे होते. त्यांनी माझ्या मागच्या सीटवरून सिमेंटची पोती वाहिली. तेल बदलायचे असते हे त्यांना ठाऊक होते की नाही, मला शंका आहे. इंजिन तापून बंद पडले की ते बोनेटवर थाप मारत आणि म्हणत, "हिचं डोकंच गरम." मग मला एका शेडमागे उभे करून ठेवले. टायर बसले, रेडिएटरमध्ये गाळ साठला, पुढच्या सीटखाली मांजरीने तीन वेळा पिल्ले घातली.

तिथून मला अण्णांनी आणले. त्याला एकेचाळीस वर्षे झाली.

अण्णा वजनमापे तपासणारे निरीक्षक होते. दुकानांतले काटे, वजने, लिटरची मापे तपासायची, खोटी निघाली तर जप्त करायची, हे त्यांचे काम. बाजारात त्यांना 'अर्धा ग्रॅम' म्हणत. अण्णा गल्लीच्या तोंडाशी दिसले की दुकानदार एकमेकांना सांगत, "अर्धा ग्रॅम आला बघ, काटा पूस."

त्यांनी मला आणले त्याच दिवशी एक वही घातली. आता तिचे तीन खंड झाले आहेत. इंजिनचे तेल दर अडीच हजार किलोमीटरला. पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळ्यांना ग्रीस दर दीड हजाराला. एक लाख बारा हजारावर इंजिनचे बोअर, नवे पिस्टन, नव्या रिंगा. दोनदा पूर्ण वायरिंग. पायाखालचा पत्रा गंजला तेव्हा हातभर तुकडा कापून नवा जोडला, त्याचे मापसुद्धा वहीत आहे. माझ्यात दोष नाहीत असे नाही. वेग दाखवणारा काटा थरथरतो. अण्णांची नात पुढच्या सीटवर बसून विचारते, "आजोबा, किती वेग आहे?" आणि अण्णा म्हणतात, "काटा म्हणतो चाळीस ते साठ. खरं काय ते रस्त्याला विचार."

वहीचा एक नियम होता. अण्णांनी तो नोकरीतून आणला होता. मोजणाऱ्याने लिहायचे नाही. एकाने माप वाचायचे, दुसऱ्याने ऐकून लिहायचे. "एकाच माणसाच्या हातात काटाही आणि पेनही दिलं, की माणूस बिघडतो," असे ते म्हणत. आधी त्यांची पत्नी लिहायची. ती गेल्यावर त्यांची लेक लिहू लागली. पुढे लेक रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लागली आणि तिला वेळ मिळेनासा झाला. तेव्हापासून, म्हणजे गेली दोन वर्षे, अण्णा एकटेच वाचत आणि एकटेच लिहीत.

आठ महिन्यांपूर्वी मिस्त्रींनी माझ्या चारही चाकांत नवी लायनिंग बसवली. हे मिस्त्री मला तीस वर्षे ओळखतात. तोंडाने फटकळ, हाताने हळुवार. वही बघून ते दर वेळी म्हणत, "अण्णा, माझ्या स्वतःच्या बायपासची एवढी माहिती माझ्याकडे नाही."

त्यानंतर दोन महिन्यांनी अण्णा मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. मी बाहेर उभी होते. ते परत आले, सीटवर बसले, पण किल्ली फिरवली नाही. ते ब्रेकचे पेडल दाबत राहिले. दाबायचे, खाली वाकून पायाकडे बघायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. मला वाटले, ते माझे पेडल तपासत आहेत. मला बरे वाटले. त्या दिवशी वहीत काहीच लिहिले गेले नाही.

पुढे माझे थांबणे बदलले. माझा हातब्रेक जुन्या पद्धतीचा आहे. त्याची दांडी चालकाच्या सीट आणि दाराच्या मध्ये असते, त्यामुळे शेजारी बसणाऱ्याला ती दिसत नाही. गाडी उभी केल्यावर ती हलू नये, एवढ्यासाठीच ती दांडी. तिची तार फक्त मागच्या दोन चाकांना जाते. अण्णा आता चालत्या गाडीतही ती ओढू लागले. चौक आला की दांडी. वळण आले की दांडी. मला वाटले, वयानुसार त्यांना हळूहळू थांबायला आवडत असेल. माझी मागची चाके तापत. तार सैल पडे. अण्णा स्वतः खाली झोपून ती आवळत. वहीत तशी नोंद तीनदा आहे.

आता दहा दिवसांपूर्वीची गोष्ट सांगते. 

नात रोज पोहायला जाते आणि पावणेबाराला अण्णा तिला आणायला जातात. त्या दिवशी आम्ही तलावाच्या आवारात वळलो. नात पायरीवर उभी होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल. आमचा वेग अगदी कमी होता. अण्णांचा हात दांडीकडे निघाला, तेवढ्यात एक सायकल आडवी आली आणि त्यांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर गेले. आता थांबवायचे ते पायानेच. पण मित्रांनो, माझ्या ब्रेकच्या पेडलवर काहीच आले नाही. एक ग्रॅमही नाही. उलट शेजारच्या ॲक्सिलरेटरवरचा भार वाढला. अण्णांचा पाय तिथेच होता आणि जोरात दाबला जात होता.

मी पुढे उसळले. फूटपाथची कड ओलांडली, पायरीलगतच्या सिमेंटच्या कुंडीवर आदळले आणि बंद पडले. कुंडीचे दोन तुकडे झाले. माझा डावा दिवा फुटला. कुंडी आणि नात यांच्यामध्ये दोन वितींचे अंतर होते.

नात ओरडली नाही. जागची हललीही नाही. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होते, आणि माझ्या चिरलेल्या रेडिएटरमधले पाणी गरम इंजिनवर पडून चर्र आवाज येत होता. एवढा एकच आवाज होता तिथे.

पहारेकरी धावत आला. त्याने नातीला बाजूला घेतले आणि अण्णांना विचारले, "काय झालं काका? ब्रेक फेल झाले का?"

अण्णांनी नातीकडे पाहिले. मग म्हणाले, "हो."

एक अक्षर. कुंडीवर आदळल्याने माझा दिवा फुटला, बंपर वाकला, रेडिएटरला चीर गेली. पण मला खरा धक्का त्या एका अक्षराने बसला. ज्या माणसाने अर्ध्या ग्रॅमसाठी अख्खे दुकान उलटेपालटे केले, तो माणूस माझे हातपाय धड असताना मला लंगडी म्हणाला. का म्हणाला, ते मला कळेना. मी पुन्हा पुन्हा माझेच सगळे भाग आठवून पाहिले. तेल भरलेले होते. नळ्या कोरड्या होत्या. पेडल घट्ट होते. संध्याकाळी अण्णांनी वही काढली आणि एकट्यानेच लिहिले : ब्रेक निकामी. अपघात. एकेचाळीस वर्षांतली ती पहिली खोटी नोंद होती.

मला ओढून घरी आणले. लेक अंगणात येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. तिने माझ्या फुटलेल्या दिव्याला हातही लावला नाही.

"अण्णा, बस झालं आता हिचं कौतुक," ती म्हणाली. "सोमवारी भंगारवाल्याला बोलावते. आपण नवी घेऊ."

"बघू," अण्णा म्हणाले.

"बघू काय? माझी पोर दोन वितींवर होती. नवी घेऊ आणि तुम्हीच चालवा. तुमच्याइतकं जपून कोण चालवतं?"

अण्णा आत निघून गेले. मी मात्र ते वाक्य ऐकून गार पडले. मी भंगारात गेले तर जाऊ दे, माझे वय झाले आहे. पण नव्या गाडीतही पुढच्या सीटवर नात बसणार होती आणि तिच्या शेजारी तोच पाय असणार होता. त्या पायाला काय झाले आहे ते मला ठाऊक नव्हते. एवढे ठाऊक होते, की त्याने दाबायचे ते दाबले नव्हते. आणि नव्या गाड्यांचा वेग माझ्यापेक्षा जास्त असतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसते. तुम्ही आमच्याबद्दल जे सांगाल तेच लोक खरे मानतात. म्हणून एक मागणे मागते. आमची काळजी घ्या, आमचे तेलपाणी बघा, पण त्याहून आधी आमच्याविषयी खरे लिहा. धूळ पुसता येते, गंज घासता येतो. खोट्या नोंदीच्या आधारावर केलेली दुरुस्ती मात्र भलत्याच जागी होते, आणि मोडलेली जागा तशीच राहते.

भंगारवाल्याच्या आधी मिस्त्री आले. शनिवारी सकाळी ते दारात उभे राहिले, आत या म्हटले तरी आले नाहीत.

"अण्णा, ब्रेक माझ्या हातचे होते," ते म्हणाले. "आठ महिन्यांत चारही ब्रेक एकदम फेल? बाजारात लोक विचारायला लागलेत. काल एकानं अर्धी उघडलेली गाडी तशीच ओढून दुसरीकडे नेली. मला जाब विचारू नका, शिव्या द्या हव्या तर. पण ती भंगारात जायच्या आधी चाकं उघडू द्या. तुमच्यासमोर."

अण्णांना नाही म्हणता येईना.

मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये मला चार स्टँडवर चढवले. लेकही आली होती, वही घेऊन. आत शिरताच तिने मिस्त्रींकडून त्यांच्या पांढऱ्या गाडीची किल्ली मागून घेतली आणि अण्णांच्या हातात दिली. "मला बाराला लॅब गाठायची आहे. तिला तलावावरून तुम्ही आणा." अण्णांनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"ताई, आत बसा आणि ब्रेक दाबा बरं. जोरात," मिस्त्री म्हणाले.

लेकीने पेडल दाबले. मिस्त्रींनी पुढचे चाक दोन्ही हातांनी धरून फिरवायचा प्रयत्न केला. मग त्याला लोंबकळले. चाक हलले नाही. चारही चाकांचे तसेच.

"हे चाक कुणी फिरवून दाखवलं तर मिशी काढतो," ते म्हणाले. "तेल जागेवर. गळती नाही. पेडल एक मिनिट दाबून धरलं, एवढंसुद्धा खाली गेलं नाही. फेल झालेले ब्रेक असे असतात होय?"

"मग झालं काय?" लेकीने विचारले.

"तेच तर." त्यांनी एकेक ड्रम उतरवला आणि सुताच्या बोळ्याने आतली धूळ पुसली. मग पेटीतून जाडी मोजायचा व्हर्निअर काढून अण्णांपुढे धरला. "तुम्ही मोजा, अण्णा. मी मोजलं तर उद्या म्हणतील, मिस्त्रीनं आपलं घोडं पुढे दामटलं. तुम्ही वाचा, ताई लिहितील. तुमचाच नियम."

अण्णांनी चष्मा पुसला. ते पुढच्या उजव्या चाकाशी बसले. "चार पूर्णांक आठ." लेकीने लिहिले. "पुढचं डावं, चार पूर्णांक सात." मग ते मागे आले. मागच्या उजव्या चाकाशी त्यांनी व्हर्निअर दोनदा पुसला. मित्रांनो, त्या वेळी त्यांना काहीही वाचता आले असते. वाकून बघणारे तिथे कुणी नव्हते. पण काटा हातात घेतल्यावर खोटे बोलणे त्यांना आयुष्यात जमले नव्हते.

"एक पूर्णांक चार," ते म्हणाले. मग शेवटचे. "एक पूर्णांक दोन."

लेकीचे पेन थांबले. ती दिवसभर लॅबमध्ये आकडेच बघते. "अण्णा, हे उलटं कसं? मागचे आधी कसे झिजले?"

"मागच्याच चाकांवर चालणारी एकच गोष्ट आहे गाडीत," मिस्त्री म्हणाले. त्यांनी तिच्या हातातली वही घेऊन पाने मागे उलटली. "हातब्रेक. हे बघा. तार आवळली. पुन्हा आवळली. हे तिसऱ्यांदा. मी बांधलेली तार दोन दोन वर्षं बघावी लागत नाही, ताई." ते हसणार होते, पण अण्णांकडे बघून हसले नाहीत.

"म्हणजे तुम्ही हातब्रेकवर गाडी थांबवत होतात?" लेकीने विचारले. "का? पायाचा ब्रेक तर कोरा आहे."

"सवय," अण्णा उठून उभे राहत म्हणाले.

"एकेचाळीस वर्षांत नव्हती ती?"

मिस्त्रींना हा तिढा नको झाला असावा. ते माझा मागचा ड्रम उचलून परत बसवायला वळले. हात तेलकट होते. ड्रम निसटला, कडेवर उभा राहिला, फरशीवरून हळूहळू घरंगळत गेला आणि अण्णांच्या उजव्या पायाच्या बोटांवर कलंडला. चपलेबाहेर आलेल्या उघड्या बोटांवर. त्या ड्रमचे वजन पाच किलो आठशे ग्रॅम आहे. तो माझाच आहे, म्हणून सांगते.

अण्णा तसेच उभे राहिले. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"अण्णा, पाय," लेक म्हणाली.

"काय?"

"पाय काढा. पाय काढा आधी."

अण्णांनी चटकन पाय उचलला. डावा.

 अण्णा एका पायावर उभे होते आणि ड्रम त्याच पायावर होता. लेकीचे तोंड अर्धे उघडे राहिले होते. मिस्त्रींनी वाकून ड्रम उचलला तेव्हा खालच्या अंगठ्याचे नख फुटलेले दिसले. रक्त येत होते. अण्णांनी सगळ्यांचे डोळे कुठे आहेत ते पाहिले, मग स्वतःच्या पायाकडे पाहिले. दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावे तसे.

 इतके महिने तो पाय माझ्या पेडलवर होता. मी त्याचे वजन ओळखत होते, सवय ओळखत होते. त्याला मी कळत नव्हते, हे मला एकदाही कळले नाही.

लेकीने आपली ओढणी काढून त्यांच्या अंगठ्याभोवती गुंडाळली. गुंडाळताना तिने बोटे दाबून पाहिली. एक, दोन, तीन. "हे कळतंय?" अण्णांनी नकारार्थी मान हलवली. "हे?" पुन्हा तेच.

"कधीपासून?" तिने विचारले. तिचा आवाज इतका हळू होता, की कॉम्प्रेसर चालू असता तर ऐकूही आला नसता.

"सहा महिने झाले. साखरेनं नसा गेल्या, डॉक्टर म्हणाले. गाडी चालवू नका म्हणून तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुला नोकरीतून वेळ नव्हता. पोरीला आणायचं कुणी? म्हटलं, हातानं थांबवता येते आहे तोवर..." ते थांबले. मग मिस्त्रींकडे वळले. "तुझे ब्रेक फेल झाले नव्हते. मी दाबलेच नाहीत. दाबतोय असं मला वाटत होतं. हे मी बाजारात येऊन सांगेन."

मिस्त्री हातातले सूत पिळत राहिले. "बसा हो आधी," ते म्हणाले. "स्टूल घ्या."

अण्णा बसले नाहीत. घड्याळात साडेअकरा होत आले होते. तलावावरची मुले आता पाण्यातून बाहेर येत असतील. त्यांनी खिशातून पांढऱ्या गाडीची किल्ली काढली आणि लेकीपुढे धरली. तिने ती लगेच घेतली नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"तिला आणायला तू जा," अण्णा म्हणाले. "मी आता गाडी चालवणार नाही. ही नाही, आणि नवीही नाही."